ताटापाशी अडलेला युक्तिवाद

गेल्या उपवासकाळातील एका शुक्रवारी थोरल्या बंधूंच्या घरी जेवावयास बसलो होतो. पानात मांस नव्हते; ख्रिस्तसभेचा नियम आम्ही अक्षरशः पाळला होता. मांसाच्या जागी पापलेट होते, कोलंबीचे कालवण होते, आणि त्या दिवशीचा बाजारभाव पाहता कोंबडीच्या कितीतरी पट खर्च करून आम्ही देहदंड सोसत होतो. बंधूंची धाकटी कन्या पुण्यास नोकरीला असते. तिने वरणभात व भाजी एवढेच घेतले. मासळी नाकारली ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. परंतु तिने दह्याची वाटी हलकेच बाजूला सारली, आणि मागाहून चहा आला तेव्हा तो बिनदुधाचा मागितला, तेव्हा वहिनींचा चेहरा उतरला.

त्या घरात दुधाला इतिहास आहे. तीसेक वर्षे वहिनींनी गोठ्यात दोन-तीन म्हशी पाळल्या, पहाटे चारला उठून धारा काढल्या, पावसापाण्यात गावभर रतीब घातला. या मुलीच्या महाविद्यालयाची फी त्या रतिबातून भरली गेली. आता तीच मुलगी सांगत होती की दूध पिणे हा एका मुक्या जीवावरील अन्याय आहे. कोणीतरी म्हणाले, “अगं, प्रभू येशूनेसुद्धा मासे खाल्ले होते!” सर्व हसले. ती हसली नाही. निघताना तिने माझ्या हाती एक इंग्रजी पुस्तक ठेवले आणि म्हणाली, “काका, तुम्ही वाचणारे आहात. हे वाचा आणि यात चूक कुठे आहे ते मला दाखवा.”

पुस्तक होते पीटर सिंगर या तत्त्वज्ञाचे ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’, प्रथम प्रकाशन १९७५. चूक दाखवायचीच, अशा निर्धाराने मी ते वाचावयास घेतले. चूक सापडली. परंतु ती सापडल्यावर जो विजयाचा आनंद व्हावयास हवा होता तो झाला नाही, आणि का झाला नाही हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. सार्वजनिक व्यासपीठावरून बोलणारे विद्वान दूध-मांस-अंडी सोडण्यासाठी नैतिकदृष्ट्या पटेल असा युक्तिवाद करू शकतात काय? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र या ‘नाही’चा आधार घेऊन जे वाचक समाधानाने पान उलटू पाहतील त्यांनी थोडे थांबावे.

आधी शब्द नीट समजून घेऊ. ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये जन्मला. डोनाल्ड वॉटसन नावाच्या सुतारकामाच्या एका शिक्षकाने, दूध व अंडीही वर्ज्य मानणाऱ्या मूठभर शाकाहाऱ्यांची संस्था काढली आणि तिच्यासाठी हा शब्द घडवला. प्राण्यापासून मिळणारे काहीच घ्यावयाचे नाही: मांस-मासळी तर नाहीच, पण दूध, लोणी, तूप, मध, चामडे, रेशीम हेही नाही. आपल्या देशात या मताची गंमत अशी की, ते आपल्या कोळीवाड्याला जितके गोत्यात आणते तितकेच पिढीजात शाकाहारी घरांनाही आणते. ज्या देशात तूप देवाच्या दिव्यात आणि दूध बाळाच्या तोंडात एकाच पावित्र्याने जाते, तेथे ‘दुधात हिंसा आहे’ हे वाक्य सर्वांनाच सारखे झोंबते. १९९८ पासून दूध उत्पादनात भारत जगात पहिला आहे. आणि हाच भारत म्हशीच्या मांसाच्या निर्यातीतही जगातील अग्रगण्य देशांपैकी एक आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे आपण सहसा उच्चारीत नाही.

आता सिंगर यांचे म्हणणे. ते म्हणतात, दुःख हे दुःखच असते, मग ते कोणाच्याही देहात असो. इंग्लंडचा विचारवंत जेरेमी बेंथॅम याने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या एका तळटीपेत लिहून ठेवले होते की, प्राण्याला बुद्धी आहे का किंवा वाचा आहे का हा प्रश्न गैरलागू असून, त्याला वेदना होतात का एवढेच पाहावयाचे. सिंगर त्या तळटीपेचा ग्रंथ करतात. वंशाच्या आधारे माणसामाणसांत भेद करणारा जसा दोषी, तसा केवळ प्रजातीच्या आधारे एकाच्या वेदनेला किंमत देणारा व दुसऱ्याच्या वेदनेला न देणाराही दोषी. केवळ जिभेच्या क्षणिक सुखासाठी एखाद्या जीवाला आयुष्यभर यातना देणे कोणत्या न्यायात बसते?

या प्रश्नाला मी उत्तर शोधत होतो आणि मध्येच आधुनिक कुक्कुटपालनाची वर्णने आली. अंड्यांसाठी पिंजऱ्यात कोंबलेल्या कोंबडीला टंकलेखनाच्या एका कागदाहूनही कमी जागा मिळते. पंख पसरणे तिला जन्मात शक्य नसते. अंडी देणाऱ्या जातीच्या पिल्लांपैकी नर पिल्ले पहिल्याच दिवशी मारून टाकतात, कारण ती ना अंडी देतील ना पुरेसे मांस. आपण ज्याला ‘ब्रॉयलर’ म्हणतो तो पक्षी जेमतेम सहा आठवड्यांचा असतो. त्याचे वजन इतक्या वेगाने वाढवलेले असते की, अनेकदा त्याचे स्वतःचे पाय त्याला पेलत नाहीत. आमच्या आजीच्या अंगणात फिरणारी, उकिरडा उकरणारी, आणि नाताळच्या आदल्या दिवशी आजीच्याच हातून मान मुरगळली जाणारी कोंबडी ही निराळी गोष्ट होती. तिला मरण होते, पण त्याआधी जगणेही होते. आज रविवारच्या मिस्सानंतर दुकानापुढे रांग लावून आपण जे घेऊन येतो, त्याला मरणाआधी काहीच नव्हते. येथे सिंगर यांनी मला निरुत्तर केले, हे कबूल करतो.

मग चूक कोठे? ती पुस्तकाच्या पायातच आहे. वेदना व सुख यांचीच बेरीज-वजाबाकी ही नीतीची एकमेव पट्टी ठरवली, आणि जीवाचे मोल त्याच्या जाणिवेच्या, स्वतःच्या भवितव्याचा विचार करण्याच्या कुवतीवरून ठरवले, की मग प्रश्न येतो: नुकत्याच जन्मलेल्या बालकाचे काय? बुद्धीने अधू असलेल्या माणसाचे काय? सिंगर या प्रश्नाला बगल देत नाहीत. त्यांचा प्रामाणिकपणा येथे भयंकर होतो. ‘प्रॅक्टिकल एथिक्स’ या १९७९ च्या ग्रंथात आणि १९८५ साली एका सहलेखिकेसह लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी असे प्रतिपादन केले आहे की, तीव्र व्यंग घेऊन जन्मलेल्या अर्भकाचे जीवन संपवण्याचा निर्णय काही परिस्थितीत आईवडिलांना घेता यावा. जी शिडी कोंबडीला वर चढवण्यासाठी लावली, तिच्यावरूनच बालक खाली उतरले. हा त्यांच्या विचारातील अपघात नव्हे. मोल कुवतीवरून ठरवायचे म्हटले की, कुवत नसलेला माणूस उघड्यावर पडणारच.

या संदर्भातील एक हकीकत मला कोणत्याही खंडनग्रंथापेक्षा मोलाची वाटते. हॅरिएट मॅकब्राइड जॉन्सन ही अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्याची वकील. जन्मापासून स्नायू क्षीण होत जाण्याचा विकार, चाकाच्या खुर्चीवरचे आयुष्य. धर्म मानणारी नव्हती. जिचा जन्मतःच अंत करण्याची मुभा सिंगर यांच्या तत्त्वज्ञानाने दिली असती, अशी ही बाई २००२ साली प्रिन्स्टन विद्यापीठात त्यांच्याशी वाद घालावयास गेली. सिंगर तेव्हा तेथेच प्राध्यापक होते. या भेटीचा वृत्तांत तिने पुढील वर्षी न्यूयॉर्कच्या एका प्रसिद्ध वृत्तपत्राच्या साप्ताहिकात लिहिला. वादानंतर भोजन होते. जेवताना तिचे कोपर घसरले आणि हात हलवता येईना. शेजारी सिंगर बसले होते. तिने त्यांनाच सांगितले की मनगट धरून जरा पुढे ओढा. आणि त्यांनी ते सहज, सौजन्याने केले. ती २००८ मध्ये निवर्तली तेव्हा तिच्यावरचा मृत्युलेखही सिंगर यांनीच लिहिला. पाहा: जे हात तत्त्वज्ञाचे होते ते तत्त्वज्ञानापेक्षा शहाणे निघाले. त्या मेजाशी तिचे मोल कोणी मोजले नाही.

तेव्हा पुतणीला दाखवावयाची चूक मिळाली. ख्रिस्ती माणूस ही किंमत देऊ शकत नाही. माणूस देवाच्या प्रतिमेत घडलेला आहे, आणि ती प्रतिमा बुद्ध्यंकावर अवलंबून नाही, हे सोडून कोणतीही भूतदया आपल्याला परवडणारी नाही.

पण येथेच आपल्या मंडळींची चलाखी सुरू होते आणि तिच्यावर मला अधिक राग आहे. सिंगर अर्भकांविषयी असे बोलतात ना? मग झाले, त्यांचे कोंबडीविषयीचे म्हणणेही खोटे! असे म्हणणाऱ्याने तर्कशास्त्र वापरलेले नसते, पळवाट वापरलेली असते. वैद्य दुराचारी असला म्हणून त्याने सांगितलेला ज्वर उतरत नाही. शिवाय या बाजूचे सगळेच विद्वान सिंगर नव्हेत. अमेरिकेचे टॉम रीगन यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात सुखदुःखाची बेरीज नाकारून, प्रत्येक जीव स्वतःच्या आयुष्याचा धनी आहे आणि म्हणून त्याला केवळ साधन म्हणून वापरता येत नाही, अशी मांडणी केली. तीत अधू बालकही सुरक्षित राहते. अँड्र्यू लिंझी हे अँग्लिकन धर्मपंडित तर निर्मात्याच्या हक्काचीच भाषा बोलतात: प्राणी आपले नव्हेत, त्याचे आहेत. ही मते आपल्याला पूर्ण पटत नसतील. मलाही रीगन यांचा उंदीर व माणूस एका पंक्तीत बसवणारा न्याय पटत नाही. परंतु त्यांना सिंगरच्या एका वाक्याने उडवता येत नाही.

आणि ‘प्रभूने मासे खाल्ले’ या उत्तराचे काय? खाल्ले, यात शंका नाही. पुनरुत्थानानंतर शिष्यांनी दिलेला भाजलेल्या माशाचा तुकडा त्याने त्यांच्यादेखत खाल्ल्याचे संत लूक सांगतो. तिबेरिया समुद्राच्या काठी कोळशावर मासळी भाजून त्याने शिष्यांना न्याहारीला बोलावल्याचे संत योहान सांगतो. म्हणून मासळी खाणे हे स्वभावतःच पाप आहे असे ख्रिस्ती माणसाला म्हणता येणार नाही. परंतु रात्रभर जाळे टाकून थकलेल्या कोळ्यांसाठी पेटवलेला तो विस्तव, आणि पिंजऱ्यात सहा आठवडे कोंबलेला पक्षी, यांत ‘खाणे’ या एका क्रियापदाखेरीज साम्य काय? त्या विस्तवाचा दाखला देऊन आपण कोणता पिंजरा झाकतो आहोत, याचा विचार करावा.

ख्रिस्तसभेचा इतिहास या बाबतीत आपण समजतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. परमगुरुस्वामी पाचवे पायस यांनी १५६७ साली बैलांच्या झुंजींवर बहिष्काराच्या शिक्षेसह बंदी घातली. पण त्यांना बैलाच्या वेदनेपेक्षा माणसाच्या जिवाची व आत्म्याची काळजी अधिक होती, आणि आठ वर्षांनी तेराव्या ग्रेगरींनी ती बंदी सैलही केली. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते प्राण्यांवरील क्रौर्य वाईट, ते मुख्यतः त्यामुळे माणूस माणसाशीही क्रूर होतो म्हणून. एकोणिसाव्या शतकात कार्डिनल मॅनिंग यांनी जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीविरुद्धच्या इंग्लंडमधील चळवळीत उघड भाग घेतला. आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथाने (परिच्छेद २४१७ व २४१८) अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग न्याय्य ठरवतानाच, त्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला सोडून आहे असे सांगितले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात तेच पुन्हा अधोरेखित केले. ‘विनाकारण’ या शब्दावर सारे अडले आहे. रविवारची जीभ हे ‘कारण’ होते काय, हे त्या ग्रंथाने आपल्या सदसद्विवेकावर सोडले आहे, आणि आपण ते विसरून गेलो आहोत.

तर मग विद्वानांचा युक्तिवाद पटत का नाही? तो अनेक ठिकाणी बिनतोड आहे; मग तो पोटात का उतरत नाही? याचे उत्तर अमेरिकेतच एरिक श्विट्झगेबेल या तत्त्वज्ञाने व त्याच्या सहकाऱ्याने शोधले. त्यांनी नीतिशास्त्राचे प्राध्यापक, तत्त्वज्ञानाच्या इतर शाखांचे प्राध्यापक आणि अन्य विषयांचे प्राध्यापक यांना प्रश्नावली पाठवली. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सस्तन प्राण्यांचे मांस नेहमी खाणे नैतिकदृष्ट्या वाईट, असे मत नीतिशास्त्राच्या ६० टक्के प्राध्यापकांनी दिले. अन्य विषयांच्या प्राध्यापकांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आत होते. मग विचारले, काल रात्रीच्या जेवणात असे मांस होते का? नीतिशास्त्रज्ञांपैकी ३७ टक्के ‘हो’ म्हणाले. मतांत एवढे अंतर असूनही प्रत्यक्ष ताटांत मात्र नाव घेण्याजोगा फरक आढळला नाही. इतरांना पटवण्याआधी जो युक्तिवाद स्वतःच्या प्रवर्तकवर्गालाच पानावर बसल्यावर पटत नाही, त्याला कितपत समर्थ म्हणावे?

येथे दुसरी बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. याच श्विट्झगेबेल यांनी पुढे आणखी एक प्रयोग केला, आणि त्यात स्वतः सिंगर सहभागी होते. विद्यापीठातील हजाराहून अधिक विद्यार्थ्यांपैकी काहींनी मांसाहाराच्या नीतीवर एक लेख वाचून वर्गात चर्चा केली, तर काहींनी दानधर्मावर. नंतर भोजनगृहातील खरेदीच्या पावत्या तपासल्या. पहिल्या गटाच्या खरेदीतील मांसाचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आले आणि काही आठवडे तसेच राहिले. म्हणजे युक्तिवाद अगदीच निष्फळ नाही. शंभरातील सात ताटे त्याने हलवली. तरुणांची हलवली, प्राध्यापकांची नाही, हेही ध्यानात घ्यावे.

याच्या शेजारी दुसरी एक घटना ठेवून पाहा. इंग्लंड व वेल्सच्या महागुरुस्वामींनी सप्टेंबर २०११ मध्ये शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा जुना नियम पुन्हा लागू केला. केंब्रिजच्या संशोधकांनी नंतर पाहिले तेव्हा कॅथलिकांपैकी सुमारे पाव लोकांनीच आपल्या आहारात काही बदल केला होता. पण तेवढ्यानेही वर्षाकाठी सुमारे ५५ हजार टन कार्बनचे उत्सर्जन टळले, असा त्यांचा अंदाज आहे. त्या पत्रकात प्राण्यांच्या हक्कांची चर्चा नव्हती. सामाईक प्रायश्चित्ताची होती. ज्याला सर्वांबरोबर एका दिवशी काही सोडावयाचे असते, तो सोडतो. ज्याला एकट्याने सिद्धान्तासाठी सोडावयाचे असते, तो बहुधा उद्यापासून सोडतो.

खुद्द या विद्वानांची चरित्रे पाहिली तरी हेच दिसते. सिंगर ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना, १९७० च्या सुमारास, महाविद्यालयाच्या भोजनगृहात कॅनडाहून आलेल्या एका सहाध्यायाने सेवयांवरच्या रश्शात मांस आहे का अशी चौकशी केली आणि ‘आहे’ म्हणताच दुसरे पान घेतले. सिंगर यांनी कारण विचारले. तेथून त्यांचा सारा विचार सुरू झाला. प्रबंध मागाहून आले. वॉटसन यांनी लहानपणी काकांच्या शेतावर डुकराची हत्या पाहिली होती, त्याच्या किंकाळ्या त्यांना जन्मभर विसरता आल्या नाहीत. आणि रीगन? तरुणपणी खाटकाच्या दुकानात काम केलेला हा माणूस व्हिएतनाम युद्धाला विरोध करताना अहिंसेचा शोध घेत गांधीजींच्या वाङ्मयाकडे वळला, आणि त्याच काळात त्यांचा लाडका कुत्रा मेला. कोणीच युक्तिवादाने आत आलेला नाही. सारे दुसऱ्याच दाराने आले आणि आत आल्यावर युक्तिवादाचे दार बांधू लागले. दक्षिण आफ्रिकेचे कादंबरीकार कुट्सी यांनी हे नेमके ओळखले असावे. प्रिन्स्टनला १९९७ साली व्याख्यानासाठी बोलावले असता त्यांनी निबंध न वाचता एक गोष्ट वाचली: एक वृद्ध लेखिका प्राण्यांच्या छळाविषयी विद्यापीठात व्याख्यान देते, आणि कोणालाही, अगदी स्वतःच्या मुला-सुनेलाही, ते पटवू शकत नाही.

गांधीजींचे नाव आलेच आहे. या विषयावर जगाला खरोखर हलवणारा सार्वजनिक पुरुष शोधायचा तर त्यांच्याच दारी जावे लागते. १८८८ साली विलायतेस निघताना त्यांनी आईजवळ मांस न खाण्याची शपथ घेतली होती. लंडनमध्ये ती शपथ त्यांना जड झाली. मनाने ते मांसाहाराच्याच बाजूचे होते आणि पुढे केव्हातरी स्वेच्छेने तो करण्याची आशा बाळगून होते. मग फॅरिंग्डन रस्त्यावरील शाकाहारी भोजनगृहात हेन्री सॉल्ट यांचे एक छोटे पुस्तक त्यांच्या हाती पडले. ते वाचल्यावर आपण स्वतःच्या निवडीने शाकाहारी झालो, असे ते आत्मचरित्रात सांगतात. येथे मला माझ्या मतात थोडी दुरुस्ती करावी लागते. पुस्तकाने त्यांना ताटापर्यंत आणले नाही. तेथे त्यांना आईने आणले होते. परंतु वारशाने आलेले ओझे स्वतःचे करून घेण्याची ताकद पुस्तकाने दिली. १९३१ च्या नोव्हेंबरात लंडनच्या शाकाहारी मंडळीपुढे ते बोलले तेव्हा वृद्ध सॉल्ट तेथे हजर होते. त्या भाषणात त्यांनी प्रकृतीच्या नव्हे, नीतीच्या आधारावर भर दिला, आणि सदासर्वदा खाण्याचीच चर्चा करणाऱ्या शाकाहाऱ्यांचे कानही उपटले.

आणि दूध! गाई-म्हशींचे शेवटचे थेंब काढून घेण्यासाठी होणारा ‘फुंक्या’चा अमानुष प्रकार कळल्यावर त्यांना दुधाचा तिटकारा आला होता, आफ्रिकेत असतानाच त्यांनी दूध सोडण्याचे व्रत घेतले. (या प्रकाराला १९६० च्या कायद्याने आपल्याकडे गुन्हा ठरवले आहे.) १९१८ च्या दीर्घ आजारात ते अंथरुणाला खिळले. माथेरानचे पाणी मानवले नाही. मुंबईचे डॉक्टर दलाल म्हणाले, दुधावाचून अंगात रक्त भरणार नाही. तेव्हा कस्तुरबांनी सुचवले की, व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे आहे, शेळीच्या दुधाला काय हरकत? गांधीजी मानले, पण व्रताचा शब्द राखून आत्मा गमावल्याची टोचणी त्यांनी आत्मचरित्रात स्वतःहून लिहून ठेवली. कोणत्याही व्हीगन ग्रंथातील प्रकरणापेक्षा हे पान मला अधिक पटते, कारण येथे माणूस हरला आहे आणि हरल्याचे सांगतो आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक काटा आहे. विधिमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्याला २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. पुढील वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस घरी बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. जेथे कोणाच्या पातेल्यात काय शिजते यावरून त्याची जात, धर्म व देशप्रेम मोजले जाते, घर भाड्याने द्यावे की नाही हे ठरते, तेथे अन्नाविषयीचा प्रत्येक नैतिक युक्तिवाद दंडुक्याच्या सावलीत उभा असतो. परदेशी विद्वानांना हे ठाऊक नसते. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या ओळींखाली बसलेल्या कोळणीला, किंवा ओढ्यातले खेकडे धरून कालवण करणाऱ्या वारली बाईला, ‘तुझ्यापुढे इतर पर्याय आहेत’ असे सांगणाऱ्याने तिचा पर्याय आधी आपल्या खर्चाने तिच्या दारी आणून ठेवावा. मात्र त्या कोळणीची ढाल करून आठवड्यातून चार वेळा ब्रॉयलर आणणाऱ्या माझ्यासारख्याने लपू नये. आणि त्या बंदीची गंमत पाहा: तीत म्हैस नाही. बैलाला अभय आहे, पारड्याला नाही.

पारड्यावरून मूळ विषयाकडे येतो. ईस्टरच्या सोमवारी पुन्हा बंधूंकडे गेलो. पुतणी आली होती. सिंगर यांची चूक तिला समजावून सांगितली. प्रिन्स्टनच्या त्या जेवणाची हकीकतही सांगितली. तिने शांतपणे ऐकले. “अर्भकांविषयीचं मलाही पटत नाही, काका,” ती म्हणाली, “पण मी चहात दूध घेत नाही ते त्यांच्यामुळे नाही. आमच्या गोठ्यातल्या नर पारड्यांचं काय व्हायचं, हे मी लहानपणी आईला विचारलं होतं. आई म्हणायची, मामाकडे पाठवलं.”

वहिनी ओट्याशी फुगे तळत होत्या. मला वाटले, त्या रागावतील. त्यांनी झारा बाजूला ठेवला.

“नर झाला की दोन आठवड्यांत माणूस यायचा,” त्या म्हणाल्या. “दोनशे रुपये द्यायचा, कधी तीनशे. कुठं नेतोस, असं मी त्याला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर रतीब बंद करावा लागला असता. मग तुझी फी कुठून आणली असती, बाय? म्हैस तीन दिवस हंबरायची. मी रेडिओ मोठा लावायची.”

कोणीच काही बोलले नाही. मुलीने आईच्या हातातून झारा घेतला आणि राहिलेले फुगे तळले. नंतर वहिनींनी तिच्यापुरती नारळाच्या दुधातली खीर वेगळी काढून ठेवली होती ती पुढे केली. आमच्या स्वयंपाकात नारळाचे दूध काही नवे नाही, पण खिरीला ते प्रथमच लागले असावे.

पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. तिने ते परत मागितलेले नाही. शुक्रवारचे पापलेट आमच्या घरी बंद झाले आहे, त्या दिवशी वालाची भाजी होते. ब्रॉयलरबाबत सौभाग्यवतीशी अद्याप वाटाघाटी चालू आहेत. चहा मी दुधाचाच घेतो.